पायथन: सहा लाख फाइलींचा मेटाडेटा वाचायला वीस मिनिटं, आणि तरी बदललेल्या फाइली सुटतात

दप्तरखाना विचारतात:

जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांचा संग्रह आहे. दर पानाची एक टिफ आणि ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून) निघालेली एक टेक्स्ट फाइल, मिळून साधारण सहा लाख फाइली. वर्ष आणि अंक यांप्रमाणे फोल्डर. सगळं एका नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर), आणि ते डेबियन १२ च्या सर्व्हरवर एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने) माउंट केलेलं. पायथन ३.११, कर्नल ६.१. सर्व्हर ते नॅस पिंग ०.५ मिलिसेकंदाच्या आसपास.

रात्री एक स्क्रिप्ट चालते. कोणत्या फाइली बदलल्या ते शोधायचं आणि तेवढ्याच सर्च इंडेक्समध्ये परत घालायच्या, एवढंच तिचं काम. ओएस.वॉक() ने सगळं फिरते, आणि प्रत्येक फाइलीवर ओएस.पाथमधले इजफाइल(), इजलिंक(), गेटसाइज() आणि गेटएमटाइम() चालवते. आकार आणि एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ) एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवले आहेत, एमटाइम इंट() करून पूर्ण सेकंदात. नवा एमटाइम जुन्यापेक्षा मोठा असेल किंवा आकार वेगळा असेल तर फाइल बदलली असं धरते.

अडचणी अशा:

१. एकाही फाइलीच्या आत न डोकावता वीस मिनिटं लागतात.
२. बॅकअपमधून परत आणलेल्या फाइली ‘बदललेल्या’ म्हणून येत नाहीत.
३. ओसीआरच्या पाठोपाठ एक शुद्धलेखन-दुरुस्तीची स्क्रिप्ट चालते. तिने दुरुस्त केलेल्या काही टेक्स्ट फाइलीही सुटतात.
४. अधूनमधून एखादा आख्खा अंक ‘काढून टाकला’ असा दिसतो आणि दुसऱ्या रात्री ‘नवीन’ म्हणून परत येतो. फोल्डर जागच्या जागी असतो.
५. स्कॅनरच्या एसडी कार्डावरून आलेल्या काही फाइलींचा एमटाइम भविष्यातला दिसतो.

ही स्क्रिप्ट गो किंवा रस्टमध्ये लिहिली तर फरक पडेल का? आणि एमटाइमवर विसंबायचं तरी किती?

---

सिस्कॉल:

भाषा बदलण्याआधी स्क्रिप्टला एसट्रेस (सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्या, मोजणारं साधन) लावून बघा, ‘-एफ -सी’ हे पर्याय देऊन. सगळं झाड नको, एका वर्षाचा फोल्डर पुरे. शेवटी येणाऱ्या तक्त्यात ‘न्यूएफस्टॅटअ‍ॅट’ या ओळीतला आकडा बघा. तो फाइलींच्या संख्येच्या चौपट निघेल. इजफाइल(), गेटसाइज() आणि गेटएमटाइम() ही तिन्ही आतून प्रत्येकी एक स्टॅट (फाइलीची माहिती मागणारा कॉल) करतात, इजलिंक() एक एलस्टॅट (तोच, पण लिंकमागे न जाता) करतं. पहिल्या स्टॅटमध्येच आकार, एमटाइम, प्रकार, आयनोड (फाइल सिस्टममधली फाइलीची नोंद) सगळं आलेलं असतं. तुम्ही त्यातलं एक उचलता, बाकीचं टाकता आणि पुन्हा मागायला जाता.

ओएस.वॉक() चीही यात एक गोम आहे. पायथन ३.५ पासून ते आतून ओएस.स्कॅनडिर() वापरतं. डिरेक्टरी वाचतानाच कर्नल प्रत्येक नोंदीचा प्रकार सांगतो, त्यामुळे फाइल की फोल्डर हे ठरवायला वेगळा सिस्टम कॉल लागत नाही. पण वॉक ती माहिती स्वतःपुरती वापरतं आणि तुमच्या हाती नुसती नावं देतं. म्हणून वॉक सोडा आणि स्कॅनडिरवर स्वतःचं फिरणं लिहा, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे:

फोल्डरांची एक यादी ठेवा. एक फोल्डर काढा आणि त्यावर ‘विथ’ लावून स्कॅनडिर() उघडा. नोंद इज_डिर(फॉलो_सिमलिंक्स=फॉल्स) असेल तर यादीत टाका. इज_फाइल() असेल तर एकदाच एंट्री.स्टॅट(फॉलो_सिमलिंक्स=फॉल्स) करा आणि लागेल ते सगळं त्या एका निकालातून घ्या. लिनक्सवर हा स्टॅट म्हणजे खरा सिस्टम कॉल असतो, विंडोजवर बहुतेक वेळा नसतो. निकाल त्या एंट्रीतच साठून राहतो, त्यामुळे पुन्हा विचारलंत तर जुनंच उत्तर मिळेल. लांबलचक चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एंट्री धरून ठेवू नका.

तुमची चौथी अडचण इथेच सुटेल. ओएस.वॉक() ला ऑनएरर दिला नाही, तर एखादा फोल्डर उघडताना आलेली चूक ते गिळून टाकतं आणि पुढे जातं. परवानगी नसो, नॅसकडून ‘स्टेल फाइल हँडल’ (फाइलीची ओळख शिळी झाल्याची चूक) येवो, तुम्हाला काहीच कळत नाही. तो फोल्डर रिकामा असल्यासारखा वागतो आणि तुमची स्क्रिप्ट त्यातल्या सगळ्या फाइली गेल्या असं समजते. स्वतःच्या फिरण्यात ओएसएरर पकडून त्या फोल्डरची नोंद ‘वाचता आला नाही’ अशी वेगळी करा, आणि अशा फोल्डरखालची एकही फाइल त्या रात्री काढून टाकली असं धरू नका. एकेका फाइलीचा फाइलनॉटफाउंडएरर मात्र साधा आहे. नाव वाचल्यावर आणि स्टॅट होण्याआधी कोणीतरी ती हलवली, इतकंच.

---

माउंटपॉइंट:

सिस्कॉल यांचं बरोबर आहे, फक्त एनएफएसवर चार स्टॅट म्हणजे नेटवर्कवर चार फेऱ्या असं सहसा होत नाही. क्लायंट फाइलीची माहिती स्वतःच्या कॅशेत ठेवतो, फाइलींसाठी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६० सेकंद, डिरेक्टऱ्यांसाठी ३० ते ६०. पहिला स्टॅट नॅसपर्यंत जातो आणि लगेच मागून आलेले तीन सर्व्हरच्या मेमरीतूनच भागतात. म्हणजे तुमचा वेळ सहा लाख × ०.५ मिलिसेकंद, म्हणजे ३०० सेकंदांच्या आसपास यायला हवा. वीस मिनिटं म्हणजे बरोबर त्याच्या चौपट. कॅशे बंद असल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. ‘एनएफएसस्टॅट -एम’ चालवा आणि माउंटच्या पर्यायांत ‘नोएसी’ आहे का ते सांगा.

---

दप्तरखाना:

हो, नोएसी आहे. दुसऱ्या मशीनवरून बदललेली फाइल इथे उशिरा दिसायची, म्हणून घातलेला दिसतोय.

---

माउंटपॉइंट:

मग तो काढा. नोएसी म्हणजे दोन गोष्टी एकत्र: कॅशेची मुदत शून्य आणि लिहिणं सिंक. प्रत्येक स्टॅट नॅसकडे जातो, वर त्या माउंटवरचं प्रत्येक लिहिणंही खोळंबतं. तुमचा ओसीआरचा निकाल याच माउंटवरून लिहिला जात असेल, तर तोही यामुळेच रेंगाळत असणार.

‘उशिरा दिसतं’ याला दुसरा उपाय आहे. एनएफएसमध्ये फाइल उघडताना क्लायंट नॅसला विचारून माहिती ताजी करून घेतो. एखाद्या फाइलीचं अगदी आत्ताचं चित्र हवं असेल, तर नुसता ओएस.स्टॅट() न करता ती ओएस.ओपन() ने उघडा आणि मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलीच्या क्रमांकावर) ओएस.एफस्टॅट() करा. याचा दुसरा फायदा असा की, ज्या फाइलीची माहिती घेतली तीच फाइल तुम्ही वाचताय याची खात्री राहते. मधल्या वेळेत कोणी त्याच नावाने दुसरी आणून ठेवली तरी गोंधळ होत नाही. पण हे फक्त ज्या फाइलीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढायचाय तिच्यासाठी. सहा लाख फाइली उघडत बसू नका, उघडणं-मिटणं स्टॅटपेक्षा महाग पडतं.

रात्रीच्या फेरीला साठ सेकंदांच्या शिळेपणाने काही बिघडत नाही. आज जुनी माहिती दिसली तर डेटाबेसमध्येही जुनीच जाईल, आणि उद्या फरक दिसेलच. अट एकच, तुलना नीट हवी.

---

नॅनोसेकंद:

तुलनेबद्दल. अडचण २ आणि ३ दोन्ही तिथल्याच आहेत.

‘नवा एमटाइम मोठा असेल तर’ ही अट बदलून ‘वेगळा असेल तर’ करा. एमटाइम पुढेच जातो असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘सीपी -पी’, ‘आरसिंक -ए’, टार ही सगळी साधनं जुना एमटाइम जसाच्या तसा परत बसवतात. बॅकअपमधून आलेल्या फाइलीचा एमटाइम मागे जातो आणि तुमच्या अटीतून निसटतो.

त्याच्या जोडीला सीटाइम ठेवा. लिनक्सवर सीटाइम म्हणजे आयनोड शेवटचा कधी बदलला ती वेळ. तो यूटाइम() (फाइलीवर वेळ बसवायचं फंक्शन) वापरून हवा तसा बसवता येत नाही. उलट यूटाइम() केलं की सीटाइम आत्ताचा होतो. त्यामुळे एमटाइम कोणी मागे नेला तरी सीटाइम ते दाखवतो. परवानग्या बदलल्या किंवा नाव बदललं तरी तो हलतो, म्हणजे काही फाइलींचा हॅश उगाच काढावा लागेल. तेवढं चालतं. सुटलेल्या फाइलीपेक्षा उगाच काढलेला हॅश परवडतो.

म्हणून दर फाइलीमागे चार आकडे ठेवा: आकार, एसटी_एमटाइम_एनएस, एसटी_सीटाइम_एनएस आणि एसटी_आयएनओ (आयनोडचा क्रमांक). चारपैकी एकही वेगळा निघाला तर फाइल संशयित. संशयिताचा हॅश काढा आणि हॅश वेगळा असेल तरच ती बदलली म्हणा. ३.११ मध्ये हॅशलिब.फाइल_डायजेस्ट() आलं आहे, तुकड्या-तुकड्याने वाचायचं लूप लिहायची गरज नाही.

आता ‘_एनएस’ का? एसटी_एमटाइम हा फ्लोट (दशांश संख्या) असतो. त्याच्या ५३ बिटांतले ३१ बिट १९७० पासूनचे सेकंद लिहिण्यातच जातात, अपूर्णांकाला २२ उरतात. म्हणजे सध्याच्या तारखांना दोन फ्लोटमधलं अंतर जवळपास २४० नॅनोसेकंद. असा फ्लोट वाचून ओएस.यूटाइम() ने दुसऱ्या फाइलीवर बसवला तर दोन्हींचे एमटाइम जुळत नाहीत आणि न बदललेली फाइल बदललेली दिसते. नॅनोसेकंदांचे पूर्णांक ३.३ पासून मिळतात, यूटाइम() चा ‘एनएस’ हा पर्यायही तेव्हापासूनचाच. एसक्यूलाइटच्या इंटिजर रकान्यात ते सन २२६२ पर्यंत मावतात.

तुम्ही तर पूर्ण सेकंद ठेवताय, आणि तिसरी अडचण तिथून आली आहे. ओसीआरने टेक्स्ट फाइल लिहिली, तुमच्या स्क्रिप्टने तिची नोंद घेतली, आणि त्याच सेकंदात दुरुस्तीवाल्या स्क्रिप्टने ती परत लिहिली, तर एमटाइमचा सेकंद तोच राहतो. ‘मग आकार तरी बदलेल’ असं वाटतं, पण मराठी मजकुरात तो बहुधा बदलत नाही. ‘ि’ आणि ‘ी’ दोन्ही यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइटचे. ‘ु’ आणि ‘ू’ तसेच, ‘न’ आणि ‘ण’ तसेच. ‘कवि’चं ‘कवी’ केलं, ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं, फाइल एका बाइटनेही वाढत नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या हजार दुरुस्त्या झाल्या तरी आकार तोच! शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या ओळखायला आकार हे अगदीच कच्चं साधन आहे.

पायथनच्या स्वतःच्या पीवायसी (आधीच कंपाइल करून ठेवलेल्या) फाइलींतही हाच कच्चेपणा आहे. तिथे सोर्स फाइलीचा आकार आणि पूर्ण सेकंदातला एमटाइम एवढंच नोंदलेलं असतं. ३.७ पासून हॅशवर चालणाऱ्या पीवायसीचा पर्याय आहे, पण तो आपणहून निवडावा लागतो.

नॅनोसेकंद घेतले म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. रकाना नॅनोसेकंदांचा असला तरी लिनक्स कर्नल त्यात शेवटच्या टिकची (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्याची) वेळ लिहीत आला आहे. टिक सेकंदाला २५० असतील तर एका टिकच्या, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आत दोनदा लिहिलेल्या फाइलीचा एमटाइम एकच येऊ शकतो. कर्नल ६.१३ पासून ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि टीएमपीएफएस या फाइल सिस्टमवर हे सुधारलं आहे: कोणी एमटाइम वाचून गेलं असेल, तर पुढच्या लिहिण्याला बारीक घड्याळातली वेळ दिली जाते. तुमच्या बाबतीत वेळ नॅस लिहितो, म्हणजे कर्नल त्याचा बघायचा, डेबियनचा नाही.

उपाय गिटने केव्हाच करून ठेवला आहे: नोंद घेतानाच्या क्षणाच्या फार जवळचा एमटाइम असलेल्या फाइलीवर विश्वास ठेवायचा नाही. फेरी सुरू करताना त्याच माउंटवर एक तात्पुरती फाइल बनवा आणि तिचा एमटाइम वाचा. नॅसच्या घड्याळात आत्ता किती वाजले ते कळतं. टाइम.टाइम() वापरू नका, ते सर्व्हरचं घड्याळ आहे आणि दोन्हींत सेकंदभराचा फरक सहज असतो. ज्या फाइलीचा एमटाइम किंवा सीटाइम या क्षणाच्या दोन सेकंद आधीपासून पुढे कुठेही असेल, तिच्यावर ‘कच्ची’ अशी खूण करा. पुढच्या रात्री चारही आकडे जुळले तरी तिचा हॅश काढायचाच. फेरी चालू असताना माउंटवर कोणी काही लिहीत नसेल तर अशा फाइली शून्य निघतील.

---

खिडकीवाला:

पाचव्या अडचणीसाठी: तो ‘भविष्यातला’ फरक बरोबर १९,८०० सेकंद आहे का बघा. तसं असेल तर ते साडेपाच तास आहेत. एसडी कार्डावरची फॅट ही फाइल सिस्टम स्थानिक वेळ लिहिते, टाइमझोन लिहीतच नाही. स्कॅनरने दुपारी ३ लिहिलं, आणि कार्ड वाचणाऱ्या मशीनने ते यूटीसी समजलं, की फाइल रात्री साडेआठची होते. मग ‘सीपी -पी’ने ती चूक नॅसवर कायमची जाऊन बसते. कार्ड जिथे माउंट होतं तिथले टाइमझोनचे पर्याय तपासा, ‘टीझेड=यूटीसी’ दिलेलं असेल तर काढा. आधीच येऊन बसलेल्या फाइलींचा एमटाइम दुरुस्त करायचा असेल तर यूटाइम() ला ‘एनएस’ देऊन करा, आणि त्या रात्री त्या सगळ्या संशयितांत येतील हे धरून चाला.

फॅटमध्ये एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांत असतो. कार्डावरची फाइल आणि नॅसवरची फाइल यांची तुलना करायची असेल तरच दोन सेकंदांची सूट द्या. आरसिंकमध्ये यासाठी ‘मॉडिफाय-विंडो=१’ पुरतो. ही सूट नॅसवरच्या रोजच्या तुलनेत अजिबात नको.

हीच स्क्रिप्ट कधी विंडोजवर चालवणार असाल तर तीन गोष्टी बदलतात. एक, तिथे एसटी_सीटाइम म्हणजे फाइल तयार झाल्याची वेळ, बदलाची नव्हे, ३.१२ पासून तो अर्थ जुना ठरवला आहे आणि तयार झाल्याच्या वेळेसाठी एसटी_बर्थटाइम दिला आहे. दोन, स्कॅनडिरच्या एंट्री.स्टॅट() मध्ये आयनोड, डिव्हाइस आणि लिंकांची संख्या शून्य येते, म्हणजे चार आकड्यांतला एक निकामी. तीन, आणि हे सगळ्यांत घातक: तो आकार आणि एमटाइम डिरेक्टरीतल्या नोंदीतून येतात, आणि एनटीएफएस ती नोंद सवडीने ताजी करतं. फाइल अजून कोणी लिहीत असेल, किंवा तिला दुसरी हार्ड लिंक असून बदल त्या नावाने झाला असेल, तर स्कॅनडिर जुना आकार सांगतं आणि ओएस.स्टॅट() खरा. वेग हवा तर स्कॅनडिर, पण गेल्या काही मिनिटांत हललेल्या फाइलींना ओएस.स्टॅट() ने पुन्हा विचारा.

---

दप्तरखाना:

फरक १९,८०० च आहे. नोएसी काढला आणि स्कॅनडिरवर आणलं, वेळ पाच मिनिटांवर आला. आता थ्रेड लावून आणखी काही मिळेल का? जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) आड येईल असं वाटतं.

---

सिस्कॉल:

मिळेल, आणि तुमच्यासारख्या ठिकाणीच मिळेल. ओएस.स्टॅट() आणि स्कॅनडिर दोन्ही कर्नलमध्ये वाट बघताना जीआयएल सोडतात. तुमचा जवळपास सगळा वेळ नॅसच्या उत्तराची वाट बघण्यात जातोय. गो-रस्टचं उत्तरही यातच आहे: ०.५ मिलिसेकंदाची वाट कोणत्याही भाषेत ०.५ मिलिसेकंदच राहते. गोमध्येसुद्धा १.१६ च्या आधीचं वॉक दर फाइलीमागे एलस्टॅट करायचं आणि नंतर आलेलं वॉकडिर करत नाही. फरक कॉलच्या संख्येने पडतो.

थ्रेडपूलएक्झिक्युटर घ्या, १६ थ्रेडपासून सुरुवात करा. दर फाइलीला एक काम देऊ नका, सहा लाख फ्यूचर बनवण्यातच वेळ जाईल. एक फोल्डर म्हणजे एक काम: त्याने स्कॅनडिर करावं, आतल्या फाइलींचे स्टॅट करावेत आणि साध्या टपलांची यादी परत द्यावी. पाथलिब या आतल्या लूपमध्ये नको, दर फाइलीला एक पाथ ऑब्जेक्ट बनवण्याचा खर्च लाखांच्या हिशेबात दिसतो. मग ३२ थ्रेड करून बघा. वेळ कमी झाला नाही तर नॅसची मर्यादा आली, परत १६ वर या.

एसक्यूलाइटमध्ये लिहिणं मुख्य थ्रेडवरच ठेवा, एक्झिक्यूटमेनी() आणि सगळ्याला एकच ट्रान्झॅक्शन. दर ओळीला कमिट केलंत तर स्टॅटमध्ये वाचवलेला वेळ तिथे जाईल.

मोजताना एक काळजी घ्या. दुसऱ्यांदा चालवलं की सगळं कॅशेतून येतं आणि आकडा फसवतो. आधी सिंक करा, मग ‘ड्रॉप_कॅशेज’मध्ये २ लिहा, म्हणजे आयनोड आणि नावांची कॅशे रिकामी होते. नॅसची स्वतःची कॅशे याने रिकामी होत नाही, म्हणून दिवसा मोजलेला आकडा रात्रीच्या पहिल्या फेरीपेक्षा चांगलाच दिसणार.

---

वऱ्हाडी_यूनिकोड:

एक गोष्ट कोणी काढली नाही. फोल्डरांची किंवा फाइलींची नावं मराठीत असतील आणि डेटाबेसची किल्ली पाथ असेल, तर ‘वऱ्हाड’ हे नाव तीन प्रकारे लिहिलेलं असू शकतं आणि पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. ‘ऱ’ हे एकच अक्षर अधिक हलन्त, ‘र’ अधिक नुक्ता अधिक हलन्त, किंवा ‘र’ अधिक हलन्त अधिक झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). लिनक्सला नाव म्हणजे फक्त बाइट, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं. मॅकच्या जुन्या एचएफएस+ डिस्कवरून आलेल्या फाइलींत हमखास दुसरा प्रकार असतो, कारण ती फाइल सिस्टम नावं सुटी करूनच ठेवते. अशी फाइल आधीच्या जागी आली की तुमची स्क्रिप्ट म्हणेल एक गेली आणि एक नवी आली.

यूनिकोडडेटा.नॉर्मलाइज() ला ‘एनएफसी’ (सुटी चिन्हं जोडून एक करणारं रूप) दिलं तर पहिले दोन प्रकार एक होतात. झेडडब्ल्यूजेवाला होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. पण हे फक्त तुलनेच्या किल्लीसाठी करा. फाइल उघडताना डिस्कवरून मिळालेलं मूळ नावच द्या, नाहीतर फाइलनॉटफाउंडएरर येईल. म्हणजे रकाने दोन: मूळ नाव आणि तुलनेचं नाव.

---

दप्तरखाना:

नावं मराठीतच आहेत. काही लेखांची शीर्षकं लांब आहेत आणि नॅसवर त्या नावाची फाइल बनतच नाही, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

---

वऱ्हाडी_यूनिकोड:

आहे. मर्यादा अक्षरांची नसून २५५ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हं, आणि ‘.टीएक्सटी’चे चार बाइट त्यातूनच जातात. नाव कापायचं झालं तर बाइटवर कापू नका, चिन्ह मधोमध तुटेल. आधी एनएफसी करा, मग एकेक चिन्ह मागून काढत एनकोड केलेली लांबी २५१ च्या आत आणा, आणि शेवटी हलन्त किंवा झेडडब्ल्यूजे उरला असेल तर तोही काढा. कापल्यावर दोन लेखांची नावं सारखी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला पानाचा क्रमांक ठेवा.